उजवा हात, डावा हात: राइनहार्ड ग्योबेल नावाच्या व्हायोलिनवाल्याची गोष्ट

नेहमीप्रमाणे हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित अवतार. ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोनची एक बाजू सापडत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी मागच्या वेळी "अगं, ती फॉरेनची नावं लिहून दे ना, सर्च कशी करायची?" असे मेसेज टाकले त्यांच्यासाठी. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' मी बरेचसे उडवलेत. सगळे उडवले असते तर मीच उरले नसते.

एपिसोडची सुरुवात मी एक धून वाजवून केली होती. इथे वाजवता येत नाही, पण तुम्हाला ती माहीत आहे. पाखेलबेलचा कॅनन. लग्नाच्या व्हिडिओत, इन्स्टाच्या रीलवर, कुठल्या तरी कस्टमर केअरच्या होल्डवर, सगळीकडे असतो. इलेक्ट्रिक गिटारवरचं त्याचं रॉक व्हर्जन तर आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर रोज रात्री कोणीतरी चुकीचं वाजवत असे. खाली आठ सुरांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते, एकूण अठ्ठावीस वेळा, आणि वर तीन व्हायोलिनं तीच एक धून एकामागोमाग एक धरतात. शाळेत आपण एकच गाणं तीन रांगांत मागेपुढे म्हणायचो ना, तसं.

हा तुकडा जगभर गाजला तो १९६८ च्या एका फ्रेंच रेकॉर्डिंगमुळे. जाँ-फ्रान्स्वा पाइयार आणि त्याचा ऑर्केस्ट्रा. संथ, गोड, दुपारच्या झोपेसारखं. मग एक दिवस यूट्यूबने मला दुसरं एक रेकॉर्डिंग पुढे केलं. तोच कॅनन, पण तीन मिनिटांच्या आसपास संपलेला. पाइयारच्या निम्म्याहून कमी वेळात! मला आधी वाटलं, कोणीतरी प्लेबॅक स्पीड वाढवून टाकलंय. तसं नव्हतं. व्हायोलिनं अक्षरशः बोलत होती, एकमेकांना चिडवत होती, एकाचं वाक्य दुसरा तोडत होता. झोपेचा मागमूस नाही. खाली नाव होतं: मुझिका अँटिक्वा क्यॉल्न, आणि राइनहार्ड ग्योबेल.

नाव ऐकून दचकू नका. तो ग्योबेल्स वेगळा, शेवटी 'स'वाला. हा आपला ग्योबेल साधा व्हायोलिनवाला, १९५२ सालचा, जर्मनीतल्या झीगन गावचा. वयाने आपल्या आजोबांच्या पिढीचा आहे, पण आपण सचिनला 'तो' म्हणतो त्याच हक्काने मी यालाही 'तो' म्हणणार आहे.

आता तुम्ही विचाराल, तू सॉफ्टवेअरवाली, तुझं इथे काय काम? लहानपणी मी सात वर्षं व्हायोलिन शिकले. आपलं, हिंदुस्थानी. मांडी घालून, भूप आणि यमन. मग बारावी आली, इंजिनिअरिंग आलं, नोकरी आली, पेटी माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टची डेडलाइन होती आणि आम्ही तीन महिने रोज बारा-तेरा तास टाइप करत होतो. एका सकाळी डाव्या हाताने चहाचा कप उचलला आणि मनगटातून अशी कळ गेली की कप खाली. फिजिओ म्हणाल्या, "सहा आठवडे कीबोर्ड बंद." मी म्हटलं, "मॅडम, कीबोर्ड बंद म्हणजे पगार बंद." त्या हसल्या नाहीत. ते सहा आठवडे मी घरी बसून फक्त ऐकलं. त्यात हा माणूस सापडला, आणि त्याच्या हाताची गोष्टही.

पण हाताकडे यायच्या आधी एक गोष्ट समजून घेऊ. 'बरोक व्हायोलिन वाजवणं' हे वेगळं करिअर असतंच कसं? व्हायोलिन ते व्हायोलिन, नाही का?

नाही. युरोपात साधारण १६०० ते १७५० हा बरोक काळ. बाख, विवाल्दी, हँडेल, सगळे तेव्हाचे. त्या वेळचं व्हायोलिन लांबून आजच्यासारखंच दिसायचं, पण आतून बरंच वेगळं होतं. तारा स्टीलच्या नव्हेत, मेंढीच्या आतड्याच्या. मान आजच्यापेक्षा कमी झुकलेली, पट्टी आखूड. हनुवटी टेकवायचं ते काळं पॅड नव्हतंच, ते १८२० च्या सुमारास लुई श्पोर नावाच्या वादकाने आणलं. पुढे हॉल मोठे झाले, आवाज मोठा हवा झाला, म्हणून जुनी व्हायोलिनं उघडून, मान बदलून, आतला बेस बार जाड करून 'अपग्रेड' केली गेली. आज ज्या स्ट्रॅडिव्हेरियसला कोट्यवधी रुपये मोजतात, त्यातली जवळजवळ सगळी अशी बदललेली आहेत. चालू सर्व्हरवरच बदल केले, आणि बॅकअप कोणी ठेवला नाही.

त्याहून मोठा फरक म्हणजे गज. आजचा गज आतल्या बाजूला वाकलेला असतो. त्याचा नमुना पॅरिसच्या फ्रान्स्वा तुर्तने अठराव्या शतकाच्या शेवटी पक्का केला. त्याची करामत अशी की या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज एकसारखा निघतो. बरोक गज धनुष्यासारखा बाहेर फुगलेला आणि टोकाला हलका. त्यामुळे प्रत्येक स्वर आपोआप उमलतो आणि विरतो. खाली ओढताना जड, वर ढकलताना हलका. बोलण्यासारखं. गूगलच्या आवाजात बातमी ऐकणं आणि आजीकडून गोष्ट ऐकणं यात जो फरक आहे, तोच हा. आजी सगळे शब्द एकाच वजनाने म्हणत नाही.

तिसरी गोष्ट सुराची. आज जगभर 'ए' हा स्वर ४४० हर्ट्झला धरतात. बरोकवाले सहसा ४१५ ला लावतात, म्हणजे बरोबर अर्धा स्वर खाली. गंमत म्हणजे त्या काळात असा एकच आकडा नव्हताच. गावागणिक सूर बदलायचा, चर्चचा ऑर्गन सांगेल तो खरा. ४१५ ही आजच्या लोकांनी आपापसांत ठरवलेली सोय. अर्धा स्वर बरोबर पडतो, म्हणून हार्प्सिकॉर्डचा कीबोर्ड एक घर सरकवला की काम होतं. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, आपल्याकडे गायक बदलला की तानपुऱ्याचा सा बदलतोच. पण पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या, पक्क्या कानाच्या माणसाला ४१५ म्हणजे घरातलं सगळं फर्निचर चार इंच सरकवल्यासारखं होतं.

(ऑडिओमध्ये इथे मी दोन्ही सूर वाजवले होते. ज्यांनी मेसेज करून "दोन्ही सेमच वाटले" असं सांगितलं, त्यांचा मी राग धरलेला नाही.)

वाद्य एकवेळ बनवून घेता येतं. वाजवायचं कसं, हे कोण सांगणार? अडीचशे वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग नाही, गुरूकडून शिष्याकडे आलेली अखंड परंपरा नाही. आपल्याकडे घराण्यात निदान 'आमचे गुरुजी असं म्हणायचे' हे तरी असतं. तिथे ती साखळी तुटलेली. हातात काय, तर पुस्तकं. लंडनमध्ये १७५१ ला जेमिनियानीने व्हायोलिनवर लिहिलेलं, आणि १७५६ चं लिओपोल्ड मोझार्टचं, म्हणजे त्या मोझार्टच्या वडिलांचं. पुस्तकं उघडून बसलं की कळतं की डॉक्युमेंटेशन एकमेकांशी भांडतंय. व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून सुराला कंप देणं, जेमिनियानी म्हणतो जमेल तितक्या वेळा वापरा. लिओपोल्ड मोझार्ट वैतागून म्हणतो, काही लोक प्रत्येक सुराला असे थरथरतात की जणू कायमचा ताप भरलाय. फक्त पाच वर्षांचं अंतर! मग तुम्ही कोणाचं ऐकणार? इथेच बरोक व्हायोलिनवाल्याचं खरं काम सुरू होतं. निम्मा वेळ रियाज, निम्मा वेळ लायब्ररी.

ग्योबेलला हे दुसरं काम पहिल्याइतकंच आवडायचं. कदाचित जास्तच.

तो कोलोनला शिकायला आला ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. जागा एकदम नेमकी होती. तिथल्या रेडिओने १९५४ मध्येच जुन्या संगीतासाठी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला होता, काप्पेला कोलोनिएन्सिस. त्याचे शिक्षक फ्रान्झयोझेफ मायर हे कोलेगियुम आउरेउम या जुन्या वाद्यांच्या ग्रुपचे म्होरके. शिवाय तो व्हिएन्नाच्या एडुआर्ड मेल्कुस आणि अॅम्स्टरडॅमच्या मारी लेओनहार्ट यांच्याकडेही शिकला. तिकडे व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर आणि त्याची मंडळी १९५३ पासून हेच खूळ घेऊन बसली होती. बेल्जियमच्या सिगिस्वाल्ड काउकेनने तर १९६९ पासून हनुवटी न टेकवता व्हायोलिन वाजवायला सुरुवात केली, जुन्या चित्रांत दिसतं तसं. हे वाचल्यावर मला फार हसू आलं. आपल्याकडे व्ही. जी. जोग, डी. के. दातार सगळे मांडी घालून वाजवायचे, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकलेलं. आमचे सर तर हनुवटी टेकवली की ओरडायचे!

१९७३ मध्ये ग्योबेलने कॉलेजातल्या मित्रांना घेऊन मुझिका अँटिक्वा क्यॉल्न हा ग्रुप काढला. तेव्हा तो एकवीसच्या आसपास. नोकरी कोणाकडेच नाही, मोठा ऑर्केस्ट्रा परवडणार नाही, म्हणून सुरुवात छोट्या संचापासून: दोन व्हायोलिन, एक चेलो, बासरी, हार्प्सिकॉर्ड. एका अर्थी हा स्टार्टअप होता, आणि स्टार्टअपसारखंच पैसे येण्याच्या वाटा दोन-तीनच. मैफली, रेडिओची रेकॉर्डिंग आणि जमलं तर रेकॉर्ड कंपनीशी करार. बरोक वादकाचं आयुष्य आजही बरंचसं असंच आहे. सरकारी किंवा महापालिकेच्या ऑर्केस्ट्रात कायमची खुर्ची, पेन्शन, ते मॉडर्न वादकांचं. बरोकवाले फ्रीलान्स. या आठवड्यात एका ग्रुपबरोबर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात दुसऱ्या ग्रुपबरोबर, मध्ये शिकवण्या.

ग्योबेलच्या ग्रुपला १९७८ मध्ये आर्किफ प्रोडुक्त्सिओन या लेबलचा करार मिळाला. हे डॉइचे ग्रामोफोनचं जुन्या संगीतासाठीचं लेबल, म्हणजे त्या क्षेत्रातली एकदम वरची खुर्ची. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या आणि हॉलंड फेस्टिव्हलमधल्या मैफलींनी त्यांचं नाव झालं. मग १९८२ ला सीडी आली आणि सगळ्या कंपन्यांना सगळं संगीत पुन्हा रेकॉर्ड करून हवं झालं. टायमिंग म्हणतात ते हेच. नशिबाचा हा भाग कलाकारांच्या गोष्टीतून आपण फार लवकर गाळतो असं मला वाटतं.

ऐंशीच्या दशकातलं त्यांचं वाजवणं ऐका. बाखचे सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, जे बाखने १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या एका सरदाराला अर्पण केले होते, ते यांनी १९८६-८७ मध्ये रेकॉर्ड केले. तिसऱ्याचा शेवटचा भाग इतका वेगात आहे की पहिल्यांदा ऐकताना श्वास रोखला जातो. खूप जणांना ते आवडलं नाही. आजही नावं ठेवणारे आहेत: घाई आहे, ओरखडे काढल्यासारखं वाजवतात, गोडवा नाही. मला विचाराल तर सहाव्या कॉन्चेर्तोची सुरुवात मलाही जरा घाईचीच वाटते. पण हे वाजवणारे लोक म्युझियममधली वस्तू फडक्याने पुसत नव्हते. त्यांना ती चालवून बघायची होती.

आणि मग येतो बीबर. हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा थांबू.

हाइनरिश इग्नाझ फ्रान्झ बीबर, १६४४ ते १७०४. बोहेमियात जन्मला, नोकरीतून मालकाला न विचारता पळून झाल्झबुर्गला गेला, तिथे मोठा झाला, शेवटी उमरावपदही मिळालं. त्याने १६७६ च्या सुमारास पंधरा सोनाटांचा एक संच लिहिला. कॅथलिक लोक जपमाळ ओढताना येशू आणि मेरीच्या आयुष्यातल्या ज्या पंधरा प्रसंगांचं ध्यान करतात, त्या प्रत्येकावर एक. हस्तलिखितात प्रत्येक सोनाटाच्या आधी त्या प्रसंगाचं छोटं चित्र आहे. आणि शेवटी एकट्या व्हायोलिनसाठी एक पासाकालिया, चार उतरते सूर सतत खाली, त्यावर सगळा डोलारा. हे सगळं म्युनिकच्या लायब्ररीत पडून होतं. पहिल्यांदा छापलं गेलं ते थेट १९०५ मध्ये.

यातली भानगड अशी. पहिला सोनाटा आणि ती शेवटची पासाकालिया सोडली, तर मधल्या चौदा सोनाटांत व्हायोलिनच्या तारा दर वेळी वेगळ्या सुरांत लावायच्या. या प्रकाराला स्कोर्दातुरा म्हणतात. आणि कागदावर जे लिहिलंय ते कानाला ऐकू येणारे सूर नव्हेत, बोटं कुठे ठेवायची ते आहे. म्हणजे तुम्ही वाचता एक, दाबता एक आणि ऐकू येतं तिसरंच. कोडवाल्यांना सांगते: कोणीतरी तुमच्या कीबोर्डचा लेआउट बदललाय, दर तासाला नव्याने बदलतोय, आणि तुम्ही स्क्रीनकडे न बघता बरोबर टाइप करायचंय. सुरुवातीला डोकं गरगरतं. हळूहळू हात डोक्याचं ऐकणं सोडतो आणि कागदाचं ऐकतो.

अकराव्या सोनाटात तर कमाल आहे. प्रसंग येशूच्या पुनरुत्थानाचा. बीबर सांगतो, मधल्या दोन तारा काढा आणि एकमेकींच्या जागी लावा. त्यामुळे घोडीच्या खाली आणि वरच्या टोकाला, दोन्हीकडे तारांची फुली होते. क्रॉस. ऐकणाऱ्याला ती दिसतही नाही. फक्त वाजवणाऱ्याला माहीत.

शिवाय आतड्याच्या तारा अशा ताणल्या-सैल केल्या की त्या रुसतात, सुरात राहत नाहीत. म्हणून मैफलीत हा संच वाजवणारे लोक तीन-चार व्हायोलिनं आधीच लावून टेबलावर ठेवतात. (आपल्या पावसाळ्यात आतड्याच्या तारांचं काय होईल याचा विचारच करवत नाही. आमच्याकडे दरवाजे फुगतात.)

ग्योबेलचं या सोनाटांचं रेकॉर्डिंग १९९०-९१ च्या सुमाराचं. ते ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच काळात, १९९० मध्ये, त्याचा डावा हात गेला.

'गेला' म्हणजे अपघात नाही, हाड मोडलं नाही. फोकल डिस्टोनिया. हा आजार मी त्या सहा आठवड्यांत इतका वाचला की फिजिओ मॅडमनी मला इंटरनेट बंद करायला सांगितलं. माझं ते नव्हतं, माझ्या फक्त नसा आणि स्नायू सुजले होते, विश्रांतीने बरे झाले. डिस्टोनिया वेगळा. दुखत नाही. हात बघायला ठणठणीत. शर्टाची बटणं लावता येतात, चहा गाळता येतो. फक्त ज्या कामात आयुष्य घातलं नेमकं तेच करायला गेलं की बोट न सांगता आत वळतं किंवा ताठ होतं.

हे होतं डोक्यात. मेंदूमध्ये प्रत्येक बोटाचा स्वतःचा इलाका असतो. वर्षानुवर्षं फार वेगात, फार बारीक, तेच तेच काम केलं की काही जणांत या इलाक्यांच्या सीमा पुसट होतात, एकाचा दुसऱ्यावर चढतो. मग तिसऱ्या बोटाला दिलेला निरोप चौथ्यालाही पोचतो. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला हे होतं असा अंदाज सांगतात. रियाज कमी पडला म्हणून होत नाही. उलट, वादकाला वाटतं रियाज कमी पडतोय, तो आणखी वाजवतो आणि हात आणखी बिघडतो. पियानोवादक लिऑन फ्लायशरचा उजवा हात १९६४ मध्ये असाच गेला. तीस वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला, शिकवत राहिला, मग नव्वदच्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी बऱ्यापैकी परतला.

व्हायोलिनवर डाव्या हाताची बोटं सूर धरतात आणि उजवा हात गज ओढतो. ग्योबेलची सूर धरणारी बोटं गेली. वय अडतीस. ग्रुप त्याच्या नावावर उभा, करार चालू.

त्याने काय करावं? हात बदलले. व्हायोलिन उजव्या खांद्यावर घेतलं, गज डाव्या हातात, आणि उजव्या हाताच्या बोटांना पहिल्यापासून सूर धरायला शिकवलं.

वाक्य वाचायला सोपं आहे. आता त्याचा अर्थ बघा. नुसत्या तारा उलट क्रमाने लावून चालत नाही. व्हायोलिनच्या पोटात बारीक सुराच्या बाजूला घोडीच्या पायाजवळ एक काडी उभी असते, आणि जाड सुराच्या बाजूला आतून बेस बार चिकटवलेला असतो. आतून व्हायोलिन सममित नसतंच. म्हणून डावऱ्या वादकासाठी आरशातलं वाद्य लागतं. असं वाजवणारे मोजकेच. विसाव्या शतकात व्हिएन्नाचा रुडोल्फ कोलिश हा एक प्रसिद्ध, त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला लहानपणी इजा झाली होती. पण तो लहानपणी बदलला. ग्योबेल चाळिशीच्या उंबरठ्यावर.

त्यातून हा बरोकवाला. मघाशी म्हटलं ना, गज म्हणजे बोलणं. १६९८ मध्ये गेओर्ग मुफाटने लुलीच्या वाद्यवृंदाची पद्धत लिहून ठेवली, त्यातला पायाच हा की मात्रेचा जड ठोका खाली ओढणाऱ्या गजावर यायला हवा. ग्योबेलच्या उजव्या हातात हे व्याकरण वीस-पंचवीस वर्षं मुरलेलं होतं. ते सगळं डाव्या हाताला नव्याने शिकवायचं. मी डाव्या हाताने माऊस वापरून बघितला होता. चार दिवसांत सोडला. आणि तो माऊस होता.

तो परत आला. उलट्या हाताने मंचावर वाजवू लागला. मधल्या काळात त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि मला वाटतं हा त्याच्या करिअरचा कणा आहे: तो वाचत राहिला. ड्रेस्डेनच्या राजदरबारात अठराव्या शतकात एक जबरदस्त ऑर्केस्ट्रा होता. त्याचा पुढारी व्हायोलिनवादक योहान गेओर्ग पिझेंडेल. १७५५ मध्ये तो वारल्यावर त्याच्या संग्रहातल्या आणि दरबारातल्या नोटेशन्सचे गठ्ठे एका कपाटात बंद झाले आणि लोक त्यांना विसरून गेले. त्या दरबारातला एक संगीतकार योहान डेव्हिड हाइनिशेन, त्याचं नावसुद्धा अभ्यासकांपलीकडे फारसं कोणाला माहीत नव्हतं. ग्योबेल आणि मंडळींनी त्याचे कॉन्चेर्तो १९९३ मध्ये दोन सीडींवर आणले. शिंगं, बासऱ्या, ओबो, सगळ्यांची नुसती धमाल. अडीचशे वर्षं न वाजलेलं संगीत असं वाजलं की वाटावं, कालच कोणीतरी लिहिलंय. बोटं अडली तरी डोळे आणि डोकं शाबूत होतं.

२००० मध्ये आलेल्या 'ल र्वा दान्स' या फ्रेंच सिनेमातलं लुलीचं संगीतही याच ग्रुपचं. सिनेमा चौदाव्या लुईच्या दरबारातला. लुली स्वतः ताल देताना काठी जमिनीवर आपटायचा. १६८७ मध्ये ती एकदा पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यात तो गेला. संगीताच्या धंद्यात हातापायांचं काही खरं नाही.

पण गोष्ट इथे सिनेमासारखी संपत नाही. २००६-०७ च्या सुमारास तब्येतीच्या कारणाने ग्योबेलला व्हायोलिन कायमचं खाली ठेवावं लागलं, आणि तेहतीस-चौतीस वर्षं चाललेला ग्रुपही विसर्जित झाला. दुसऱ्या कोणाला नेमून नाव चालू ठेवता आलं असतं. तसं केलं नाही.

त्यानंतर तो कंडक्टर झाला. गंमत म्हणजे मुख्यतः मॉडर्न ऑर्केस्ट्रांचा, स्टीलच्या तारा आणि आजच्या गजांचा. जुन्या वाद्यांच्या कट्टर चाहत्यांना हे फितुरीसारखं वाटलं. त्याचं म्हणणं साधारण असं की तार कशाची आहे यापेक्षा वाजवणाऱ्याला काय माहीत आहे हे महत्त्वाचं. मला हे पूर्ण पटत नाही. बरोक गज हातात घेतला की काही गोष्टी तो गजच शिकवतो, त्या पुस्तकातून येत नाहीत. पण ज्याच्या हातातून वाद्यच गेलं, एकदा नव्हे दोनदा, तो असं म्हणतो तेव्हा मी वाद घालायला जात नाही.

२०१० पासून त्याने झाल्झबुर्गच्या मोझार्टेउममध्ये शिकवायला घेतलं, हार्नोनकूरच्या जागेवर. म्हणजे ज्या माणसाने हे खूळ सुरू केलं त्याच्याच खुर्चीत. आणि झाल्झबुर्ग हे बीबरचं गाव. २०१८ मध्ये बर्लिनर बारोक झोलिस्टन या मॉडर्न वाद्यांवर बरोक वाजवणाऱ्या ग्रुपचं कलात्मक नेतृत्व त्याच्याकडे आलं. त्यांच्याबरोबर त्याने ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो पुन्हा रेकॉर्ड केले, पहिल्यानंतर तीस वर्षांनी. दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐका. मी कुठलं जास्त आवडतं ते सांगणार नाही, कमेंटमध्ये भांडणं होतात.

ऐकायचं कुठून, हा प्रश्न येणारच. आधी पाइयारचा कॅनन आणि लगेच ग्योबेलचा, एका दमात. मग हाइनिशेन, कारण तो कोणालाही आवडतो, सकाळी आवरताना लावा. बीबर सर्वांत शेवटी, रात्री, आणि प्लीज, फोनच्या स्पीकरवर नको. साधे शंभर रुपयांचे इअरफोन चालतील, पण कानात घाला. अकराव्या सोनाटात मधल्या तारांची ती न दिसणारी फुली आहे हे लक्षात ठेवून ऐका. पासाकालिया आली की कृपया फोन सायलेंटवर टाका.

माझी पेटी माळ्यावरून खाली आली आहे. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, मॅडमनी टायमर लावायला सांगितलाय. तारा स्टीलच्याच आहेत, बसते मांडी घालूनच, आणि भूप अजून बेसूर आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा लिफ्टमध्ये विचारलं, "काय गं, घरी मांजर पाळलंय का?"

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर हाताला अधूनमधून सुट्टी द्या. मी आता हे टाइप करणं थांबवते, टायमर वाजला.